डबा परत आला पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले दोन-तीन रविवार तुमच्या पुरवणीत दिवाळीचा फराळ घरी करावा की विकत आणावा यावर वाचकांची पत्रं येतायत, ती मी सगळी वाचली, काही तर दोनदा वाचली. एक गट म्हणतो आईच्या हातची चव गेली, संस्कार गेले, दुसरा म्हणतो आम्ही नोकऱ्या करायच्या की रात्री दोन वाजेपर्यंत करंज्या तळत बसायचं. मी बँकेत चौतीस वर्षं काउंटरला बसून रिटायर झालेली बाई आहे, मी फराळ घरी पण केलाय, विकत पण आणलाय, आणि अर्धा विकतचा आणून "सगळं घरचंच आहे हो" असं तोंडावर खोटंही सांगितलंय, तेव्हा या भांडणात मला कोणाचीच बाजू घ्यायची नाहीये. पण इतकी पत्रं आली आणि एकाही पत्रात ती गोष्ट नाही जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून हे लांबलचक पत्र. छापायला मोठं होत असेल तर कापा, पण डब्याचं कापू नका.

तर मुद्दा असा की फराळ कोणाच्याही हातचा असूदे, तो तुम्ही देताय कशात?

मी सांगते आमच्या घरात कशात देतात ते. ओट्याखालच्या कपाटात एक अख्खा कप्पा आहे, त्यात हॉटेलातून जेवण मागवतो तेव्हा येतात ना ते काळ्या बुडाचे आणि पारदर्शक झाकणाचे डबे, ते धुऊन पुसून एकात एक घालून ठेवलेले आहेत. साधारण चाळीस तरी असतील. झाकणं पंचवीस. त्यातली जुळणारी किती हे देवालाच ठाऊक, कपाट उघडलं की सगळा मनोरा अंगावर येतो. आइस्क्रीमचे डबे वेगळे, त्यातल्या एकात सोललेले मटार, एकात कढीपत्ता आणि एकात खरंच आइस्क्रीम असतं पण ते कधी पहिल्या फटक्यात सापडत नाही. तर दिवाळीत कोणाला फराळ द्यायचा झाला की सूनबाई त्या कप्प्यातून एक डबा काढते, त्यात दोन लाडू, चार चकल्या, मूठभर चिवडा, वर रबर बँड, झालं. मी एकदा म्हटलं अगं स्टीलचा डबा घे की, घरात इतके आहेत. तर म्हणाली, "आई, स्टीलचे परत येत नाहीत. आणि आपण मागितले की लोकांना राग येतो. हे कसं, दिलं की विषय संपला."

विषय संपला. ती अगदी सहज बोलून गेली, तिची काही चूक नाही, तिचे खरोखर दोन चांगले डबे गेलेत ऑफिसमधे. पण मला ते इतकं लागलं की रात्री झोपताना पण तेच डोक्यात. कारण आमच्या लहानपणी डबा द्यायचा तो विषय सुरू करायला.

आमचं लहानपण जुन्या नाशकातलं, गंगेपासून पाच मिनिटांवर वाडा. नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात, बाहेरच्यांसाठी सांगते. वाड्यात सात बिऱ्हाडं, मधे चौक, चौकात नळ आणि नळावर भांडणं. आणि सात घरांची भांडी कायम एकमेकांच्या घरात. आमच्या फडताळात बघितलं तर कुठल्याही दिवशी दोन-तीन भांडी परकी असायची आणि आमची दोन-तीन बाहेर फिरतीवर. आई कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांच्या शेजारी लिहून ठेवायची, "कडीचा डबा वर, पातेली कोपऱ्यात, ताट मावशींकडे." म्हणजे वरच्या बिऱ्हाडात, कोपऱ्यातल्या खोलीत वगैरे. बँकेत मी लेजर बघायला लागले तेव्हा मला अजिबात अवघड गेलं नाही, येणं आणि देणं घरीच शिकून झालं होतं.

नियम एकच. रिकामं भांडं परत द्यायचं नाही. हे कोणी शिकवलं असं आठवतच नाही, जसं चपला बाहेर काढायच्या तसंच हे. भरपूर काही द्यायला पाहिजे असं पण नव्हतं, चिमूटभर साखर चालायची. परसातली कढीपत्त्याची डहाळी चालायची, चार पेरू, एक लिंबू. माझ्या आईला महिनाअखेरीला कोणाचा डबा आला की पोटात गोळा यायचा हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वडील शाळेत होते, पगार एक तारखेला, आणि नेमका सत्तावीस-अठ्ठावीसला कुठून तरी बासुंदी नाहीतर पुरणपोळ्या यायच्या. आम्ही पोरं नाचायचो आणि आई डबा हातात धरून म्हणायची "आता यात काय घालू?" मग तो डबा चार दिवस घासून पुसून उपडा पडून राहायचा, पगार झाला की त्यात रव्याचे लाडू जायचे. म्हणजे सगळं गोड गोड होतं असं मला म्हणायचं नाहीये. ते ओझं होतं आणि ते बायकांच्याच डोक्यावर होतं, वडिलांना आयुष्यात कधी विचारावं लागलं नाही की यात काय घालू, ते फक्त "कोणाकडचं आहे, छान झालंय" म्हणायचे आणि ताट सरकवायचे.

अजून एक सांगायला पाहिजे, नाहीतर मीच खोटी ठरेन. आमच्या वाड्यात एक आजी होत्या, खूप प्रेमळ, तापात रात्रभर माझ्या उशाशी बसलेल्या, पण सातातल्या दोन घरांचं शिजवलेलं त्या खात नसत. डबा हसून घ्यायच्या, आणि आतलं मोलकरणीला द्यायच्या, आणि परत देताना डब्यात तांदूळ किंवा गूळ, कोरडं. मला ते कळायला बारावं वर्ष लागलं. त्या दोन घरांतल्या बायकांना पहिल्यापासून माहीत असणार. तरी त्या दर सणाला डबा पाठवत राहिल्या, का ते मला अजून समजलेलं नाही. मी असते तर पाठवला नसता.

भांड्यांवर नावं घालायची पद्धत तुमच्या तरुण वाचकांना माहीत असेल की नाही कोण जाणे. भांडं विकत घेतलं की दुकानदार विचारायचा "नाव काय घालायचं?" आणि मशीनची टोकदार सुई घरघर करत स्टीलवर ठिपक्याठिपक्यांनी नाव काढायची, त्याआधी पितळेवर छिन्नी-हातोडीने टोचून काढत. नाशकात भांडीबाजारात ती घरघर अशी सलग चालायची की गप्पा मारायच्या तर ओरडून. नाव एकटं नाही घालायचे, कोणी दिलं, कशाबद्दल दिलं, तारीख, सगळं. "चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून सप्रेम भेट." काही पातेल्यांवर तर घराण्याचा अख्खा इतिहास असायचा. आणि बोहारीण यायची तिच्याकडून जुन्या साड्या-पँटी देऊन घेतलेल्या भांड्यांवर मात्र नाव नसायचं, कारण ती पातळ असायची आणि आई म्हणायची याला सुई लावली तर भोक पडेल.

या नावांचा उपयोग काय ते आई १९६९ च्या पुराची गोष्ट सांगायची त्यात कळतं. मी तेव्हा पाच वर्षांची, मला फक्त कोणाच्या तरी खांद्यावरून खाली पिवळं पाणी दिसलेलं आठवतं. नाशकात पूर किती आला हे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात, पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, असं. त्या वर्षी मारुती दिसतच नव्हता म्हणे. पाणी ओसरलं तेव्हा वाड्याच्या चौकात चिखल आणि चिखलात सातही घरांची भांडी, कोणाची कुठली काही कळेना. मग सगळ्या बायकांनी ती चौकातच घासली आणि आजीने एकेक भांडं उचलून नाव मोठ्याने वाचलं, जिचं नाव ती पुढे यायची. आई म्हणायची आमच्या भांड्यांपेक्षा परक्यांचीच आमच्या घरात जास्त निघाली, आणि पुरापेक्षा त्याचीच लाज वाटली. दोन भांडी अशी निघाली की त्या नावाचं वाड्यात कोणीच नव्हतं. ती शेवटपर्यंत आमच्याकडे होती, आई ती वापरायची नाही पण दर दिवाळीला चिंच लावून घासायची.

भोंडल्याच्या खिरापतीचं तर काय सांगू. फेर धरून गाणी झाली की डबा कोणी उघडायचा नाही, आधी ओळखायचं. ज्या घरची खिरापत ती मुलगी डबा कानाशी वाजवून दाखवायची, खडखड वाजलं तर शेंगदाण्याची चिक्की, डब्बकन वाजलं तर वडी, अजिबातच वाजलं नाही तर शिरा. काहीजणी फसवायला शिऱ्यात दोन सुपाऱ्या टाकून आणायच्या. प्लास्टिकचा डबा वाजत नाही हो. आमच्या सोसायटीत मागच्या वर्षी नवरात्रात भोंडला केला होता, हौशी मुली आहेत चांगल्या, पण खिरापत पारदर्शक डब्यातून आली, आतली खांडवी सगळ्यांना दिसत होती आणि तरी आम्ही "ओळखा पाहू" म्हणत होतो.

मुंबईच्या डबेवाल्यांचं सगळे कौतुक करतात, १८९० च्या सुमाराला महादू हावजी बच्चे यांनी ते काम उभं केलं, आणि डबा इतक्या गाड्यांतून अचूक टेबलावर पोचतो याचं सगळ्या जगाला नवल. मला पोचण्यापेक्षा तो दुपारी परत घरी येतो याचं नवल वाटतं. आता जेवण मोबाइलवरून येतं, ते पण अचूक येतं, गरम येतं, पण एकाच बाजूने. ज्याने दिलं त्याला परत काही जात नाही. मी त्या पोराला एकदा दिवाळीत लाडू दिला तर तो इतका गोंधळला की म्हणाला "मॅडम पेमेंट ऑनलाइन झालंय."

आणि प्लास्टिकबंदीचं म्हणाल तर महाराष्ट्रात ती २०१८ मधे आली, तेव्हा मला भाबडेपणाने वाटलं होतं आता डबे परत फिरायला लागतील. पहिले दोन महिने लोक दुकानात स्टीलचे डबे घेऊन जाताना मी स्वतः बघितले. मग काय झालं ते तुम्ही बघताच आहात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून मला दोन वर्षांत सहा प्लास्टिकचे डबे मिळाले. वाण लुटायचं, दुसऱ्याला उपयोगी पडेल ते द्यायचं, सगळं बरोबर आहे. पण एकीनेही त्यावर नाव घातलेलं नव्हतं, घालणार तरी कसं. आता मला आठवत पण नाही कुठला कोणी दिला.

असो. मी इथपर्यंत सगळं वाड्याचं आणि जगाचं बोलले. आता जे खरं सांगायला बसले ते सांगते, ते जरा जड जातंय.

शेजारच्या मावशी जळगावकडच्या होत्या. थंडीत त्यांच्या गावाहून मोठाली हिरवी वांगी यायची, ती भाजून, लाकडाने ठेचून, हिरव्या मिरच्या लसूण शेंगदाणे आणि कांद्याची पात घालून भरीत करायच्या, तेल असं वर तरंगायचं आणि वास चौकभर. आमच्याकडे भरीत म्हणजे दही आणि साखर घातलेलं गरीब प्रकरण, त्यामुळे मावशींचा डबा आला की भाऊ आणि मी मारामाऱ्या करायचो. त्यांची मुलगी माझ्याच वयाची. एका वर्गात, एका बाकावर, एका सायकलवर. डबे पोचवायचं काम आम्हा दोघींचं. खरं सांगते, आम्ही वाटेत झाकण उघडून खायचो, दोन घरांच्या मधे दहा पावलांचं अंतर आणि त्यात आम्ही पाच मिनिटं लावायचो. आईला कळायचं, कारण अनारसे विषम झालेले असायचे आणि ती मोजून सम घालायची.

आईचे अनारसे हा एक वेगळाच विषय आहे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी निथळून कापडावर पसरायचे आणि दमट आहेत तोवरच कुटायचे, मग गूळ घालून गोळे करून डब्यात दाबून ठेवायचे. मग खसखशीवर थापून तुपात सोडायचे, खसखस वरच्या बाजूला, उलटायचे नाहीत, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. गूळ जरा जास्त झाला की अनारसा हसतो, म्हणजे कढईत विरघळून पसरतो. आईचा एकही हसायचा नाही. माझे सगळे हसतात. २०२३ ला श्रावण अधिक आला होता, तेव्हा जावयाच्या वाणाला तेहतीस अनारसे करायला घेतले मोठ्या हौसेने, अकरा धड निघाले, बाकीचे विकत आणून तेहतीस भरवले. अधिक महिना तीनेक वर्षांनी येतो हे बरं आहे, दरवर्षी आला असता तर माझी रोजच अब्रू गेली असती.

तर ती मैत्रीण. तिचं लग्न १९८६ ला झालं, माझं त्याच्या पुढच्या वर्षी, आणि दोघी नाशकातच राहिलो, ती सिडकोत, मी गंगापूर रोडला. वाडा पडला, आया गेल्या, पण डबे चालू राहिले. मी बँकेतून परस्पर तिच्याकडे जायचे, ती रविवारी माझ्याकडे. तिच्या लग्नात मामाने दिलेला कडीचा डबा होता, त्यावर तिचं माहेरचं नाव आणि तारीख. सासरी तिचं नाव बदललं, तुम्हाला माहीतच आहे तांदळात लिहितात ते. तिच्या आधारकार्डावर, बँकेच्या पासबुकावर, पोरांच्या तोंडी सगळीकडे नवीन नाव. जुन्या नावाने तिला हाक मारणारी मी, आणि तो डबा. तिचे आईवडील गेल्यावर तर आम्ही दोघंच उरलो, म्हणजे मी आणि डबा.

२०१७ च्या दिवाळीत तो डबा सांजोऱ्या भरून माझ्याकडे आला. आणि मी त्यात काहीतरी घालून परत देणार एवढ्यात तिच्या मुलीचं लग्न ठरलं. मला वाटलं ती येईल, पहिली पत्रिका देवाला आणि दुसरी मला, अक्षता घेऊन येईल, दोघी रडू, चहा घेऊ. तर एका संध्याकाळी तिचे मिस्टर आले, स्कूटर बंद पण न करता पत्रिका हातात दिली, "वहिनी या हं, ती गडबडीत आहे." पत्रिकेवर आमच्या घराचं नाव चुकीचं. मी गेले नाही. ज्या मुलीला मी अंघोळ घातली तिच्या लग्नाला मी गेले नाही, घरात बसून पडदे धुतले. हे छापून येणार म्हणून जरा नीट लिहावं असं वाटतंय पण नीट लिहिण्यासारखं त्यात काही नाही. नंतर कळलं की त्या आठवड्यात तिच्या सासूबाई हॉस्पिटलात होत्या. नंतर कळलं म्हणजे चार महिन्यांनी, आणि तोपर्यंत ती पण चिडली होती, तिचं तर रागावणं माझ्यापेक्षा जास्त बरोबर होतं. मी फोन केला नाही. तिने केला नाही. मोबाइलवर दोघींकडून दिवाळीला दिव्यांची चित्रं जातात येतात, फॉरवर्ड केलेली, तुम्हाला पण येत असतील तीच.

डबा माझ्याकडेच राहिला. पहिलं वर्ष तो फडताळात वर ठेवला, राग म्हणून. दुसऱ्या वर्षी चकलीच्या भाजणीला मोठा डबा कमी पडला म्हणून खाली काढला. चार वाट्या तांदूळ, दोन हरभऱ्याची डाळ, एक मूग, अर्धी उडीद, धने-जिरे, आईचं प्रमाण, ते बरोबर त्या डब्यात मावतं, जणू मापून केलाय. तेव्हापासून त्यात भाजणीच. म्हणजे गेली सात वर्षं मी जेव्हा जेव्हा थालीपीठ लावायला किंवा चकलीला भाजणी काढते तेव्हा अंगठा त्या ठिपक्यांच्या नावावरून फिरतो. ठिपके झिजलेत थोडे. घासणीने झिजलेत, उगीच काव्य नको.

आणि गेल्या रविवारी, तुमची पुरवणी समोर होती, दिवाळीची साफसफाई चालू होती आणि सूनबाईने सगळे डबे खाली काढले होते. तो हातात घेऊन तिने नाव वाचलं आणि म्हणाली, "आई, हा आपला नाहीये. द्यायचा राहिलाय का?"

राहिलाय. बरोबर शब्द तिने वापरला, भांडण नाही, राग नाही, द्यायचा राहिलाय. मी हो म्हटलं आणि भाजणी दुसऱ्या डब्यात काढली, कुठल्या ते विचारू नका, काळ्या बुडाच्या.

म्हणून मला वाटतं संपादकसाहेब, परत न येणारा डबा दिला की सोय होते हे खरं, हरवत नाही, मागावं लागत नाही, कोणाला राग येत नाही. पण माझ्या घरात तो एक डबा राहिलेला नसता, म्हणजे तिने मला सांजोऱ्या तसल्या प्लास्टिकमधून दिल्या असत्या, तर मी तो डबा केव्हाच कचऱ्यात टाकला असता आणि आज मला तिच्याकडे जायला काहीच कारण उरलं नसतं. फोन करून काय बोलणार होते, "सॉरी" म्हणणार होते एकसष्टाव्या वर्षी? तसलं आम्हाला जमत नाही. "अगं तुझा डबा राहिलाय माझ्याकडे" हे मात्र म्हणता येतं, त्यात कोणाची मान खाली जात नाही.

तुमच्या वाचकांनी फराळ कुठून आणायचा तो आणूदे, पण एका तरी घरी स्टीलच्या डब्यातून द्या, ज्यावर नाव आहे अशा. नाव घालून देणारी दुकानं अजून आहेत भांडीबाजारात, मी कालच जाऊन बघून आले. सूनबाईसाठी एक घेतला, दुकानदाराने विचारलं "नाव काय घालू?" तर मी तिचं माहेरचं घातलं. बघू काय म्हणते.

आता प्रश्न त्या डब्यात काय घालून न्यायचं. तिला शुगर आहे असं कळलंय, कोणाकडून ते जाऊदे, त्यामुळे लाडू नकोत. चकली न्यावी तर दाढ काढलीये म्हणे. सूनबाई म्हणते ड्रायफ्रूट न्या, आजकाल तेच देतात. मी काही बोलले नाही. तिला लहानपणापासून एकच आवडायचं, वाटेत झाकण उघडून जे खायची ते. एखादा खाल्ला तर काही होत नाही शुगरला. हसले तर हसले, तिला माझ्याकडून तेच अपेक्षित असणार.

तांदूळ भिजत घातलेत, आज दुसरा दिवस आहे आणि पाणी बदलायचं राहिलंय, म्हणून इथेच थांबते.

आपली,
एक जुनी वाचक, नाशिक